पंचेचाळीस वजा सत्तावीस : मात्सुमोतोच्या वर्गात एक महिना

साताऱ्यातील एका अध्यापक महाविद्यालयात बी.एड.चे पहिले वर्ष पूर्ण केलेल्या एका विद्यार्थिनीने २०२५च्या मे-जूनमध्ये जपानच्या नागानो प्रांतातील मात्सुमोतो या शहरात एक महिना राहून तेथील एका सार्वजनिक प्राथमिक शाळेतील वर्गांचे निरीक्षण केले आणि परत आल्यावर कोरेगाव तालुक्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आंतरवासिता (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) केली. या दोन्ही टप्प्यांत मी तिची मार्गदर्शक होते. विद्यार्थिनीची किंवा कोणत्याही शाळेची ओळख पटेल असे तपशील मी येथे वगळले आहेत. परदेशातील शाळा पाहून आलेल्या माणसाकडून आपल्याला बहुधा दोनच गोष्टी ऐकायला मिळतात : तिकडे सगळे किती छान आहे आणि आपल्याकडे ते कसे जमणार नाही. या विद्यार्थिनीच्या निरीक्षण वहीची सुरुवातही अशीच झाली होती. पुढे ती वही बदलली, आणि ती कशामुळे बदलली, हे नोंदवण्याजोगे वाटल्यामुळे हे प्रकरण लिहिले आहे.

जाण्याआधी

विद्यार्थिनीचे वडील एसटीत वाहक आहेत आणि आई गावी शिवणकाम करते. तेव्हा हा महिना कोणत्याही शिष्यवृत्तीवर नव्हे, तर नात्याच्या आधारावर उभा होता. तिचा चुलतभाऊ मात्सुमोतोजवळच्या शिओजिरी येथे अभियंता आहे. वहिनी सांगलीची असून बरीच वर्षे तिकडे राहिल्याने उत्तम जपानी बोलते, आणि त्यांची मुलगी तेथील सार्वजनिक शाळेत दुसरीत शिकते. भावाने शहराच्या शिक्षण मंडळाकडे रीतसर अर्ज केला. परवानगी यायला जवळजवळ तीन महिने लागले आणि ती आली तेव्हा तिच्याबरोबर अटींचा कागद होता : मुलांचे छायाचित्र घ्यायचे नाही, मुलांची नावे वहीत लिहायची नाहीत, वर्गात मागच्या भिंतीशी बसायचे, मुलांना खाऊ द्यायचा नाही आणि शाळेच्या आत घालायचे वेगळे बूट स्वतः आणायचे. खाऊच्या अटीमागे अन्नाच्या ॲलर्जीचे कारण होते. मोती चौकातून नेलेले कंदी पेढे त्यामुळे मुलांपर्यंत पोहोचलेच नाहीत, शिक्षकांच्या खोलीतच संपले.

यात माझी चूक अशी झाली की, निघताना मी तिच्या हातात आमच्या महाविद्यालयाचा पाठ-निरीक्षण तक्ता दिला. त्यात बत्तीस मुद्दे आहेत आणि प्रत्येक मुद्द्यासमोर ‘उत्कृष्ट, चांगले, साधारण, सुधारणा आवश्यक’ अशी पदनिश्चयन श्रेणी आहे. प्रस्तावना, प्रश्न विचारण्याचे कौशल्य, प्रबलन (शाबासकी, प्रोत्साहन), फलकलेखन, वर्गनियंत्रण, बी.एड. केलेल्या कोणालाही हा क्रम पाठ असतो. परक्या वर्गात परक्या भाषेत काय चालले आहे हे पाहायला निघालेल्या मुलीला मी परीक्षकाचे हत्यार देऊन पाठवत आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

विशेषणांचा आठवडा

पहिल्या आठवड्यात तिने पाच दिवसांत अकरा तक्ते भरले. बत्तीसही मुद्द्यांपुढे जवळपास सगळीकडे ‘उत्कृष्ट’वर खूण होती. शेऱ्याच्या जागी तिने लिहिले होते : ‘मुले अत्यंत शिस्तप्रिय आहेत. वर्ग अतिशय स्वच्छ आहेत. शिक्षक प्रेमळ आहेत. शाळेत शिपाई नाही, सर्व सफाई मुलेच करतात. आपल्याकडे असे झाले तर किती बरे होईल!’

तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे चालते, त्यामुळे आमचे बोलणे रविवारीच होत असे. मी तिला विचारले की, वर्ग स्वच्छ आहे असे तू लिहिलेस, तर तुला नेमके काय दिसले? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘मॅडम, स्वच्छच दिसला.’’ शिक्षक प्रेमळ आहेत हे कशावरून, यालाही तिच्याकडे उत्तर नव्हते. दोष तिचा नव्हता. ज्या तक्त्यात पाहिलेले लिहायला जागाच नाही, तो तक्ता तिने प्रामाणिकपणे भरला होता. तक्ता बाजूला ठेवून साध्या वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे, त्यात वेळ, काय दिसले आणि काय ऐकू आले एवढेच लिहायचे आणि एकही विशेषण वापरायचे नाही, असे आमचे ठरले. शेवटची अट तिला सर्वांत जाचक वाटली. मराठीत शाळेविषयी लिहिताना विशेषणे आपोआप उतरतात, हे तिने दोन दिवसांनी स्वतःच कळवले.

दुसऱ्या आठवड्याची वही वेगळी आहे. जेवणानंतर पंधरा मिनिटे सफाई चालते. मुले वर्गवार जात नाहीत. पहिलीपासून सहावीपर्यंतची सात-आठ मुले मिळून एक गट होतो आणि गटाकडे एकेक जागा असते. कोणाकडे जिना, कोणाकडे हात धुण्याची जागा, कोणाकडे स्वच्छतागृह. त्या वेळात कोणी बोलत नाही. फरशी ओल्या फडक्याने गुडघ्यांवर बसून पुसतात, शिक्षकही त्याच रांगेत गुडघे टेकून असतात. एका नोंदीत आहे : ‘१.२२ – पहिलीतल्या मुलीला फडके पिळता येत नाही, पाणी ठिबकते. सहावीतला मुलगा तिच्या हातांवर स्वतःचे हात ठेवून पिळतो. फडके परत तिलाच देतो.’ त्याच आठवड्यातल्या बुधवारी तिला कुंपणाची झुडपे कापणारा एक वयस्कर माणूस दिसला, तो शाळेचा नोकरच होता, आणि ‘शाळेत शिपाई नाही’ या वाक्यावर तिने काट मारली.

जपानी मुले शाळा झाडतात याचे कौतुक आपल्याकडे सर्वत्र होते, म्हणून येथे थोडे विषयांतर करते. श्रम आणि शिक्षण यांची सांगड साताऱ्याने कोणाकडून उसनी घ्यावी अशी स्थिती नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, आणि तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आपली कामे आपण करीत. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आजही या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. आपल्या खेड्यातल्या शाळाही मुलेच झाडतात. फरक आहे तो केरसुणी कोणाच्या हातात असते यात. विद्यार्थिनीने मला विचारले की, तिच्या गावच्या शाळेत चार वर्षे वर्ग झाडणाऱ्यांत एकही मुलगा नव्हता, हे तिला आजवर का दिसले नव्हते. मात्सुमोतोच्या गटाच्या यादीत मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. तिचे लक्ष गेले ते त्यामुळे.

दुपारच्या जेवणाविषयी थोडक्यात. जपानमध्ये शालेय भोजनाचा कायदा १९५४ साली झाला. या शाळेत जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येते, पाळीची मुले पांढरे अंगरखे व टोप्या घालून वाढतात, आणि मुलांच्या आधी मुख्याध्यापक ते खाऊन पाहतात. हे ऐकून मला नवल वाटले नाही, कारण आपल्या पोषण आहारातही मुख्याध्यापकांनी आधी चव घेऊन चव नोंदवहीत लिहायचे असते. विद्यार्थिनी शाकाहारी असल्याने ती वहिनीने दिलेला चपाती-भाजीचा डबाच खात असे.

एका रविवारी ती जुनी कायची शाळा पाहायला गेली. ही शाळा १८७३ साली एका पूर्वीच्या मंदिराच्या जागेत भरू लागली आणि तिची इमारत १८७६ साली उभी राहिली. तातेइशी सेइजू या सुताराने पाश्चात्त्य इमारती पाहून त्या धर्तीवर स्वतःच्या हाताने ती उभारली : वर अष्टकोनी मनोरा, दर्शनी भागावर शाळेच्या नावाची पाटी धरलेले पंखांचे देवदूत आणि त्यांच्या खाली अस्सल जपानी ड्रॅगन. पुढे सुमारे नव्वद वर्षे तेथे वर्ग भरले, आणि २०१९ साली तिला जपानची राष्ट्रीय संपदा म्हणून मान्यता मिळाली. बांधकामाच्या खर्चातला सुमारे सत्तर टक्के भाग शहरातल्या लोकांच्या वर्गणीतून आला होता, हे वाचून विद्यार्थिनीला घराघरांतून मूठभर धान्य गोळा करण्याची रयतची योजना आठवली. मला मात्र तिने सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) या शाळेने मूल सांभाळायला ठेवलेल्या मुलींसाठी वेगळे वर्ग चालवले होते. मुली पाठीवर मूल बांधूनच शिकायला येत. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभी राहणारी मुलगी आपल्या जिल्ह्यात ज्याने पाहिली नाही, असा शिक्षक विरळा.

२२, २८, १८

आता मुख्य घटनेकडे येते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरीच्या वर्गात, दुसऱ्या तासाला दोन अंकी संख्यांची वजाबाकी होती. वर्गात अठ्ठावीस मुले आणि एक शिक्षिका. प्राथमिक शाळेत तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो. विद्यार्थिनीला हिरागाना अक्षरे वाचता येत होती, बोललेले मात्र फारसे कळत नव्हते. तिची नोंद जशीच्या तशी देते :

‘९.४४ – फळ्यावर ४५ − २७. मुलांनी एकत्र दोनदा वाचले. ९.४७ – मुले वहीत लिहितात. बाई फिरतात. हातात वर्गाचा नकाशा, कोण कुठे बसते त्याचा, त्यावर पेन्सिलीने काही टिपतात. पहिली ओळ, तिसरी ओळ, परत पहिली. एका मुलापाशी वाकून बसल्या, बोलल्या नाहीत, उठल्या. ९.५८ – अजून कोणालाही बरोबर किंवा चूक म्हटलेले नाही. १०.०० – तीन मुले फळ्यापाशी. पहिल्याने लिहिले २२. दुसरीने २८. तिसऱ्याने १८. प्रत्येक उत्तराशेजारी त्या मुलाच्या नावाची चुंबकी पट्टी. बाई बाजूला, खिडकीपाशी.’

नाव न लिहिण्याची अट आणि भाषेची अडचण यांमुळे पुढची वीस मिनिटे वहीत फक्त हालचाली आहेत : कोण उभे राहिले, कोणाकडे वळले, कोणी डोके हलवले. तास संपला, मुले मैदानावर गेली, आणि वर्ग रिकामा झाल्यावर तिने शिक्षिकेच्या परवानगीने फळ्याचे छायाचित्र घेतले. त्या रात्री वहिनीने ते छायाचित्र वाचून दाखवले आणि दोघींनी मिळून त्याचा मराठी तर्जुमा वहीत उतरवला.

फळ्याच्या डाव्या टोकाला तारीख आणि ‘४५ − २७ कसे काढायचे ते एकमेकांना समजावूया’ एवढा उद्देश होता. मध्यभागी तीन उत्तरे. २२च्या खाली मुलाचे म्हणणे लिहिले होते : ‘५मधून ७ जात नाहीत, म्हणून ७मधून ५ काढले.’ त्याखाली दुसऱ्या मुलीचे : ‘मग २२ आणि २७ मिळून ४५ यायला हवेत, पण ४९ येतात.’ २८च्या खाली : ‘१५मधून ७ गेले, ८ राहिले’, आणि बाणाने जोडलेला प्रश्न : ‘तो १ कुठून आणला?’ त्यापुढे चार दांड्या व पाच सुटे ठोकळे यांचे चित्र, एक दांडी मोडून दहा सुटे झालेले. उजव्या टोकाला मुलांच्याच शब्दांत निष्कर्ष. तास संपला तरी २२ तेथेच होते, त्यावर काट नव्हती. उलट ‘५मधून ७ जात नाहीत’ या शब्दांभोवती लाल खडूने वर्तुळ काढलेले होते, कारण त्या मुलाच्या विचारातला तेवढा भाग बरोबर होता आणि पुढचा सगळा पाठ त्यावरच उभा होता.

फळ्यावर पाठाचा सबंध प्रवास टिकवून ठेवण्याच्या या पद्धतीला जपानी शिक्षक ‘बानशो’ म्हणतात आणि पाठाच्या तयारीत फळा कसा भरत जाईल याचा आराखडा आधी कागदावर करतात. विद्यार्थिनीने त्या रविवारी मला सांगितलेले वाक्य माझ्या मते या संपूर्ण महिन्याचे फलित आहे : ‘‘मॅडम, मला भाषा येत नाही, तरी मला पाठ वाचता आला, कारण फळा पुसला नव्हता.’’

आपल्याकडे याच वजाबाकीचे काय होते, हे येथे लिहिणे भाग आहे. हातच्याच्या वजाबाकीत मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारी मुले कोरेगावातही आहेत, कराडातही आहेत; ही चूक कोणत्या एका देशाची नव्हे. आपली शिक्षिका २२ ऐकून म्हणते, ‘‘चूक. बस खाली. कोण सांगेल?’’, आणि बरोबर उत्तराचा हात सापडेपर्यंत वर्गभर नजर फिरवते. सापडला की फळ्यावर १८ येते आणि पाठ पुढे सरकतो. मी गेली कित्येक वर्षे सराव पाठ पाहते आहे आणि अशा पाठांना ‘प्रश्नोत्तरे चांगली’ असा शेरा देत आले आहे. फळ्याच्या बाबतीत तर आम्ही शिकवतो ते नेमके उलटे आहे. कोपऱ्यात इयत्ता, विषय, घटक, दिनांक, पट आणि हजर लिहायचे, अक्षर सरळ ओळीत, आणि वर्गातून बाहेर पडण्याआधी फळा स्वच्छ पुसायचा. पाठ टाचणात हे सगळे येते, फक्त मुलाच्या चुकीला त्यात कुठे जागा नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिला एक ‘जुग्यो केनक्यू’, म्हणजे शिक्षकांनी मिळून केलेला पाठ-अभ्यास, पाहायला मिळाला आणि मुख्याध्यापकांनी वहिनीलाही बसू दिले. त्या दिवशी इतर वर्ग लवकर सुटले, चौथीचा एकच वर्ग थांबला आणि शाळेतले सगळे शिक्षक भिंतीला लागून उभे राहिले. विषय होता कोनमापकाने कोन मोजणे. नंतरच्या बैठकीत आभार मानून झाल्यावर जे बोलणे झाले ते बहुतेक मुलांविषयीच होते. एका शिक्षकाने सांगितले की, खिडकीकडच्या मुलाने एकाच जागी तीनदा खोडरबर फिरवला. आधी त्याने १३० लिहिले होते, मग शेजाऱ्याची वही पाहून ५० केले, पुन्हा १३० लिहिले आणि शेवटी ५० ठेवले. कोनमापकावर दोन बाजूंनी अंक असतात, कोणत्या बाजूने वाचायचे हे त्याला शेवटपर्यंत कळले नव्हते, पण वहीत उत्तर बरोबर होते. या एका खोडलेल्या आकड्यावर शिक्षक वीस मिनिटे बोलत राहिले. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, शिक्षण परिषदेत मी अनेक नमुना पाठ पाहिले आहेत. तेथे पाठ घेणाऱ्याचे अभिनंदन होते, साहित्याचे कौतुक होते, चहा होतो. मुलाच्या खोडरबराकडे पाहणारा माणूस मला तेथे भेटलेला नाही, आणि त्या माणसांत मीही मोडते.

रिकामी खुर्ची

या प्रकरणातून ‘जपानसारखे करा’ असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून एक नोंद मुद्दाम देते. दुसरीच्या त्याच वर्गात दाराजवळ एक टेबल-खुर्ची होती. पहिले दोन आठवडे विद्यार्थिनीच्या नकाशात ती जागा ‘रिकामी’ एवढीच आहे. तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आले की, वर्गात कागद वाटले की शिक्षिका त्या टेबलाच्या खणातही एक कागद ठेवते आणि शुक्रवारी ते सगळे कागद एका पाकिटात घालून घेऊन जाते. त्या जागेवरचे मूल महिनाभरात एकदाही आले नाही. जपानमध्ये वर्षात तीस किंवा अधिक दिवस शाळेत न येणाऱ्या, आणि त्यामागे आजार किंवा आर्थिक कारण नसलेल्या मुलांची वेगळी मोजणी होते. २०२३ या शैक्षणिक वर्षात प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत मिळून अशी ३ लाख ४६ हजारांहून अधिक मुले होती. नीटनेटक्या वर्गात नीटनेटकी रिकामी खुर्ची नजरेतून सहज सुटते. शिक्षकांच्या खोलीतले दिवे संध्याकाळी सातनंतरही जळत असतात, हेही तिने लिहिले आहे. शिक्षकांचे लांबलेले कामाचे तास हा त्या देशात उघड चर्चेचा विषय आहे.

ऊसतोडीच्या हंगामात आपल्या शाळांच्या हजेरीपटावर अशा जागा दिसतात, पण त्या कारणासह दिसतात : कोपी (ऊसतोड मजुरांची झोपडी) उठली, मूल गेले. त्या खणात कागद ठेवणारे कोणी असते का, असे तिने वहीच्या समासात लिहिले होते. हे वाक्य मी तिला वहीतून काढू दिले नाही.

कोरेगाव तालुक्यात

जुलैमध्ये आंतरवासिता सुरू झाली. शाळा पहिली ते चौथीची, शिक्षक दोन. विद्यार्थिनीकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग आला, त्यात अकरा मुले. फळा एकच, तोही भिंतीवर सिमेंटचा, मध्ये खडूने रेघ मारून अर्धा तिसरीचा आणि अर्धा चौथीचा.

दुसऱ्याच आठवड्यात तिने मात्सुमोतोचा पाठ जसा पाहिला तसा करून पाहिला. तिसरीला ६२ − ३८ दिले. एका मुलाचे उत्तर ३६ आले. तिने ते फळ्यावर घेतले, शेजारी त्याचे नाव लिहिले, त्यावर मुलांना बोलते केले, पाठ संपल्यावर ते पुसले नाही आणि ठरल्याप्रमाणे दिवसभर ते तसेच राहू दिले. मुलगा त्या वेळी काही बोलला नाही. शाळा सुटल्यावर वाटेने मुलांनी त्याला ‘छत्तीस’ म्हणायला सुरुवात केली आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘छत्तीस्या’ झाले. छत्तीसच्या आकड्याचा आपल्या भाषेत जो अर्थ आहे तो त्या मुलांना कोणी शिकवला नसेल, पण टोपणनाव म्हणून तो आकडा चपखल बसला. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. त्याच्याऐवजी, भुरभुर पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, त्याची आजी आली आणि वर्गाच्या दारातून म्हणाली, ‘‘का वं बाई, माज्या नातवाची चूक दिसभर भिताडाला कशापायी टांगली?’’

विद्यार्थिनीने मला त्या दुपारी फोन केला तेव्हा ती रडत होती. संध्याकाळी आम्ही दोघींनी मात्सुमोतोची वही पुन्हा उघडली. त्या वर्गाच्या फळ्यावर, उंच, मुलांच्या अक्षरातला एक कागद लावलेला होता. पहिल्या आठवड्यात तिने त्याची नोंद ‘भिंतीवर सजावट’ अशी केली होती. फळ्याच्या एका छायाचित्रात तो अर्धवट आला होता. वहिनीला छायाचित्र पाठवून तो वाचून घेतला, तेव्हा कळले की, वर्षाच्या सुरुवातीला मुलांनी मिळून ठरवलेल्या वर्गाच्या चार गोष्टी त्यावर आहेत आणि त्यातली एक ‘चुकलेल्याला हसायचे नाही, का ते विचारायचे’ अशी आहे. जपानचे शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. ती गेली मेच्या मध्यावर. २२ फळ्यावर निर्धास्त राहू शकले, यामागे एप्रिलमधले जे आठवडे होते ते तिने पाहिलेच नव्हते. महिनाभराच्या निरीक्षणाची ही मर्यादा माझ्या तर नियोजनातच नव्हती. दुसऱ्या कोणी असा महिना ठरवणार असेल, तर मी त्याला वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत जायला सांगेन, मग तेथे ‘पाहण्यासारखे’ पाठ कमी असले तरी चालेल.

तिसऱ्या दिवशी ती स्वतः मुलाच्या घरी गेली. आजीला तिने सांगितले की, ‘‘आजी, चुकलं माझं. चूक दाखवायची नव्हती, विचार दाखवायचा होता, पण मुलांना ते मी आधी सांगितलंच नाही.’’ आजीने यावर काय म्हटले ते तिने मला सांगितले नाही. चहा झाला एवढे सांगितले.

त्यानंतर तिने पद्धत बदलली. मुलांची नावे फळ्यावरून गेली. पहिले दोन आठवडे तिने फक्त स्वतःच्या चुका फळ्यावर मांडल्या. कधी मुद्दाम केलेल्या, कधी खरोखर झालेल्या, आणि मुलांना एकच प्रश्न विचारला, ‘‘मी असं का केलं असेल?’’ फळा निम्माच असल्याने तो पुसावाच लागे, म्हणून तिने गावातून जुनी कॅलेंडरे गोळा केली. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने पाठाचा प्रवास लिहायचा आणि तो कागद खिडकीखालच्या भिंतीवर आठवडाभर ठेवायचा, अशी सोय तिने काढली. जोडवर्गात याचा एक फायदा तिला अनपेक्षित मिळाला : चौथीचा पाठ चालू असताना तिसरीची मुले त्या कागदापाशी जाऊन आपल्या कालच्या वादाचा पुढचा भाग तेथेच चालू ठेवत. मी शाळेत गेले तेव्हा दोन मुली ५०३ − २४८ वर शून्यातून उसने कसे आणायचे याबद्दल इतक्या जोरात भांडत होत्या की, शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनी दोनदा डोकावून पाहिले. वर्गनियंत्रणाच्या मुद्द्यावर मला तेथे ‘साधारण’वर खूण करावी लागली असती.

ज्या मुलाचे ३६ झाले होते तो चौथ्या दिवशी परत आला. महिनाभर तो फळ्यापाशी गेला नाही. ऑगस्टच्या शेवटी एकदा हात वर करून तो म्हणाला, ‘‘बाई, माझं चुकलंय वाटतं, पण लिहू का?’’ आणि उत्तराची वाट न पाहता त्याने खडू घेतला.

सप्टेंबरमध्ये तिचा परीक्षण पाठ झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पूर्ण तास बसून पाठ पाहिला आणि तक्ता भरला. प्रश्न विचारण्याचे कौशल्य ‘चांगले’. फलकलेखनाला पाचपैकी दोन गुण, आणि शेरा असा : ‘फळा वेळोवेळी पुसावा. चुकीची उत्तरे फळ्यावर राहिल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो.’ नियमाप्रमाणे त्या शेऱ्याखाली मार्गदर्शकाची सही लागते, ती मी केली. याबद्दल हरकत घ्यायची का, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘राहू द्या मॅडम, त्यांनी आपलाच तक्ता भरलाय.’’ त्या तक्त्याच्या छापील प्रतींचे दोन गठ्ठे आमच्या कपाटात अजून शिल्लक आहेत.